आईची स्मरणपुस्तिका: कोणत्या क्रमाने करायची आणि कुठे चुकते

वर्षश्राद्धाला किंवा प्रथम स्मृतिदिनाला आईवर पुस्तिका काढायची म्हणून नागपुरातली बरीच मंडळी मजकूर तपासायला माझ्याकडे आणून देतात. बहुतेकांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या पानावर हार घातलेला फोटो, खाली 'त्यागमूर्ती', मग मुलांच्या, सुनांच्या, नातवंडांच्या आठवणी. प्रत्येक आठवणीत आई प्रेमळ, कष्टाळू, सोशिक. चाळीस पानं वाचून झाली तरी ती कोणत्या गावची, तिची शाळा का सुटली, लग्नाआधी तिचं नाव काय होतं, हे कळत नाही. तिचं नाव खोडून शेजारच्या काकूंचं घातलं तरी मजकुरात फारसं काही बदलावं लागणार नाही.

लेकरांचं प्रेम कमी असतं म्हणून असं होत नाही, क्रम चुकतो म्हणून होतं. लोक आधी लिहायला बसतात आणि माहिती नसली की विशेषणं येतात. म्हणून खालच्या क्रमात लिहिणं पाचव्या टप्प्यावर ठेवलं आहे. त्याआधीचे चार टप्पे गाळून थेट पाचव्यावर उडी मारू नका.

टप्पा १: तेरवीला एक पान, पुस्तिका वर्षाने

तेरवीला वाटायला म्हणून घाईत पुस्तिका करू नका. त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, बाबा बोलण्याच्या स्थितीत नसतात आणि ज्याला त्याला स्वतःचीच आठवण सांगायची असते. फारच वाटलं तर एका पानाचा परिचय छापा. त्यात पूर्ण नाव, माहेरचं नाव, जन्मगाव, लग्नाचं वर्ष, आई ज्या घरांत राहिली ती घरं आणि तिने हाताने केलेली दोन-तीन कामं एवढं पुरे.

त्या तेरा दिवसांत एक काम मात्र नक्की करा. दाराजवळ एक वही ठेवा आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडून चार गोष्टी लिहून घ्या: नाव, मोबाइल नंबर, आईशी नातं आणि आईला कधीपासून ओळखतात ते. माहेरच्या गावची म्हातारी माणसं, जुन्या वाड्यातल्या शेजारणी, भजनी मंडळातल्या बाया एकदाच येतात. नंतर त्यांना शोधायला गेलात तर नंबर कोणाकडेच नसतो. वही सांभाळायचं काम नातीला किंवा नातवाला द्या. मोठ्यांना त्या दिवसांत सुधरत नाही.

आता मुदत. वर्षश्राद्ध तिथीने येतं आणि चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. त्यामुळे ते इंग्रजी तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी पडतं. मध्ये अधिक मास आला, तर उलट १८-१९ दिवस उशिरा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. प्रेसवाल्याला इंग्रजी तारीख सांगून मोकळे होणारे पुष्कळ असतात, मग श्राद्ध होऊन जातं आणि पुस्तिका आठवड्याने हातात पडते. आधी गुरुजींकडून तारीख काढून घ्या. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम इंग्रजी तारखेने करत असाल, तर हा घोळ नाही.

तपासा: कार्यक्रमाच्या तारखेच्या दीड महिना आधीची तारीख कॅलेंडरवर लिहिली का? मजकूर प्रेसला द्यायची तारीख ती.

टप्पा २: तारखांचा कागद

एक मोठा कागद घ्या. डावीकडे वर्ष, मध्ये आईचं वय, उजवीकडे काय घडलं आणि शेवटी ते कोणत्या कागदावरून किंवा कोणाकडून कळलं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. पुढे दोन मावश्या दोन वेगवेगळी वर्षं सांगतात तेव्हा त्याची गरज पडते.

बायकांच्या नोंदी पुरुषांच्या मानाने कमी सापडतात, पण सापडतात. शोधायच्या जागा या:

१. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आई दुसरीपर्यंत शिकली असली तरी तिथे नाव असतं, वडिलांचं नाव असतं आणि शाळा सोडल्याची तारीखही असते. जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै दिसली तर सावध व्हा. पुष्कळदा ती प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.

२. कोतवाल पंजी. विदर्भातल्या गावांत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी हिच्यात मिळतात आणि नक्कल तहसील कार्यालयातून मागता येते. मुलीच्या जन्माच्या नोंदीत अनेकदा मुलीचं नावच नसतं. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी', एवढंच. म्हणून नाव शोधत बसू नका. आजोबांच्या नावाने शोधा आणि भावंडांच्या क्रमावरून ती नोंद आईचीच का ते ठरवा.

३. माहेरच्या शेतीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. आजोबा वारल्यावर वारसांची नोंद होते, त्यात लेकींची नावं येतात. पुढे हक्कसोड झाली असेल, म्हणजे लेकीने आपला वाटा सोडला असेल, तर त्याचाही फेरफार असतो आणि त्यावर तारीख असते. आईच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय तिथे दोन ओळींत पडून असतो, आणि घरात त्याबद्दल कोणी बोललेलंही नसतं.

४. रेशनकार्ड, पोस्टाचं आणि बँकेचं पासबुक, बाबांचं सर्व्हिस बुक, एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यास) प्लॉटचे कागद. घरं कधी बदलली ते यांतून जुळतं.

माहेर सौंसर-पांढुर्ण्याकडचं असेल, तर कागद मध्यप्रदेशातल्या तहसीलला मिळतील. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा भाग नागपूरसकट एकाच राज्यात होता, पुढे वाटणी झाली. जुन्या दाखल्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' किंवा 'मध्यप्रदेश' असं दिसलं की पुष्कळ जण हा आपल्या आईचा नव्हे म्हणून बाजूला ठेवतात. ठेवू नका, नीट वाचा.

कागद नसेल तिथे माणसांच्या आठवणीला खुंटी द्यावी लागते. 'कोणत्या साली?' असं विचारलं तर म्हातारं माणूस गडबडतं. 'बाबासाहेबांची दीक्षा झाली तेव्हा तू केवढी होतीस?' (१४ ऑक्टोबर १९५६), 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?', 'इंदिरा गांधी गेल्या तेव्हा आपण कोणत्या घरात होतो?' (३१ ऑक्टोबर १९८४) असं विचारलं की उत्तर येतं. नरखेड-काटोलकडच्या घरांना मोवाडचा पूर (३० जुलै १९९१) चांगला लक्षात असतो. नागपूर शहरातल्यांना गोवारींची चेंगराचेंगरी (२३ नोव्हेंबर १९९४) आठवते. याहून सोपी खुंटी म्हणजे थोरला तेव्हा कितवीत होता ते.

तपासा: कागदावर सलग दहा वर्षं कोरी दिसतात का? बहुतेक ती लग्नानंतरची पहिली दहा वर्षं असतात. चौथ्या टप्प्यात याच वर्षांवर जास्त विचारायचं आहे.

टप्पा ३: साड्या वाटण्याआधी

आईचं कपाट उघडून साड्या-भांडी वाटायचं काम नातेवाईक लवकर उरकतात. त्याआधी एक दुपार काढा. कपाट जसं आहे तसं उघडून फोटो घ्या, मग एकेक वस्तू. कोणती साडी कोणाच्या लग्नातली, हे सांगणारी मावशी किंवा जाऊ त्या वेळी सोबत हवी.

वह्या सगळ्यांत महत्त्वाच्या. हिशेबाची वही, भिशीची वही, बचत गटाचं पासबुक, भजनांची वही, कॅलेंडरच्या मागे लिहिलेले दूधवाल्याचे खाडे. रद्दीत पहिलं हेच जातं. हिशेबाच्या वहीतलं एक पान तीन पानी आठवणीपेक्षा जास्त सांगतं: तेल किती, शाळेची फी किती, माहेरी मनीऑर्डर किती आणि स्वतःसाठी काय. स्वतःसाठीचा रकाना बहुधा कोराच सापडेल, पण कधी कधी 'चप्पल' किंवा 'चष्मा' असं काही निघतं. ते टिपून ठेवा.

सावधान: पदार्थांच्या वहीवरून लगेच 'आईच्या हातची चव' असा विभाग करू नका. पाटवड्या, वडाभात, सांबारवडी सगळ्यांच्याच आया करत होत्या. तिने त्यात वेगळं काय केलं, कोणाकडून शिकली, कोणाला शिकवलं हे कळलं तरच एक पदार्थ घ्या.

टप्पा ४: माणसांशी बोलणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

कोणाशी आधी बोलायचं? लोक मानाने जातात, म्हणजे आधी थोरले मामा, मग मोठी आई. ज्याची तब्येत किंवा स्मरणशक्ती सगळ्यांत नाजूक, तिथे आधी जा. मानपान नंतर सांभाळता येतो. त्यानंतर आईची धाकटी बहीण, बालमैत्रीण, जाऊ, जुनी शेजारीण आणि घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या बाई. या बाईंना कोणीच विचारत नाही. दुपारी घर रिकामं असताना आई कशी असायची, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. मुलांनी सगळ्यांत शेवटी बोलावं, कारण त्यांना आई फक्त आई म्हणून माहीत असते.

रेकॉर्डिंगची तयारी:

१. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि बोलणाऱ्याच्या जवळ, रुमालाच्या घडीवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर बांगड्यांचा आणि कपबशांचा आवाज दणकून येतो.
२. कूलर बंद. एप्रिल-मे मध्ये लग्नसराईला सगळे नातेवाईक नागपुरात सापडतात आणि नेमका तेव्हाच घरोघरी कूलर घरघरत असतो. पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगमधला एक शब्द धड कळत नाही. पंचेचाळीस डिग्रीत म्हाताऱ्या माणसाला कूलरशिवाय बसवणंही बरं नाही. उन्हाळ्यात सकाळी सात-आठला बसा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर जा.
३. आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकून पाहा.
४. 'रेकॉर्ड करून राहिलो, चालेल ना?' असं सुरुवातीलाच विचारा आणि त्यांचं उत्तरही रेकॉर्डमध्ये येऊ द्या.
५. एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे. माणूस थकला की 'बस, अशीच होती बापा' सुरू होतं.

आता प्रश्न. 'आई कशी होती?' हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याचं उत्तर 'फार चांगली' असं येतं आणि पुढचं सगळं बोलणं त्याच वळणावर जातं. असे प्रश्न विचारा ज्यांचं उत्तर एखादी जागा, वस्तू किंवा माणूस असेल:

सकाळी उठल्यावर आधी कुठे जायची? पैसे कशात ठेवायची? माहेरी जायला कोण घ्यायला यायचं, कोणत्या गाडीने? (नागभीडच्या बाजूचं माहेर असेल, तर २०१९ पर्यंत इतवारीहून जाणारी छोटी लाईन (नॅरोगेज) होती. तिचं नाव काढलं की लोक दहा मिनिटं बोलायचे थांबत नाहीत.) लहानपणी भुलाबाईत पुढे होऊन गाणं कोण म्हणायचं? महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला कोण कोण जमायचं, आंबील कोणाकडे असायची? तिला राग कशाचा यायचा? राग आला की बोलायची की बोलणं बंद करायची? कोणाशी तिचं जमलं नाही? प्लॉट घेताना कोणते दागिने मोडले, ते तिने स्वतः ठरवलं की तिला सांगण्यात आलं?

शेवटच्या दोन-तीन प्रश्नांना घरात दबकून उत्तर येतं. घाई करू नका, गप्प बसा. रेकॉर्डिंगमध्ये शांतता आली म्हणून मध्येच पुढचा प्रश्न टाकू नका.

बाबांची गोष्ट वेगळी आहे. समोर बसवून विचारलं की ते 'तिनं सगळं केलं' म्हणतात आणि थांबतात. त्यांच्याशी घरांच्या क्रमाने बोला. शक्य असेल तर गाडीत घालून जुन्या घरांवरून एक चक्कर मारा: महालातली भाड्याची खोली, इतवारीतला वाडा, मग नंदनवन किंवा मानेवाड्याचा प्लॉट. शेजारी बसून रस्त्याकडे पाहत माणूस जास्त बोलतो. 'तुमची रात्रपाळी असली की लेकरांना कोण झोपवायचं?' असं कामाचं विचारा. संसार कसा झाला असं विचारू नका. दोन-तीन छोट्या फेऱ्यांत काम होतं. एका बैठकीत सगळं काढून घ्यायला गेलात, तर ते दुसऱ्यांदा बसणार नाहीत.

सावधान: बोलणाऱ्याची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. 'नाही मावशी, ते ऐंशी साल होतं' म्हटलं की मावशी तुम्हालाच विचारायला लागते. साल नंतर तारखांच्या कागदावर तपासा.

ऐकून उतरवताना सगळं लिहायची गरज नाही. रेकॉर्डिंग ऐकत मिनिट आणि विषय टिपा ('१२:४०, शिवणयंत्र घेतलं') आणि लागेल तेवढाच भाग शब्दशः उतरवा. मोबाइलच्या आपोआप टायपिंगवर विसंबू नका. नागपुरी बोलणं त्याला पेलत नाही.

टप्पा ५: लिहिणं

एवढं जमलं की लिहिणं सोपं जातं, फक्त मांडणी ठरवा. नातेवाईकांच्या क्रमाने (मुलाची आठवण, मग सुनेची, मग जावयांची) लिहू नका. आईच्या वयाच्या क्रमाने लिहा. मुलाची आठवण त्या त्या वर्षात जाऊन बसेल. निदान एक चतुर्थांश पानं लग्नाआधीच्या मुलीला द्या. ती वीस वर्षं चार ओळींत उरकणारी पुस्तिका मी परत पाठवतो.

लिहिणारा एकच असावा. चार भावंडांनी चार प्रकरणं वाटून घेतली, तर चार आया तयार होतात. बाकीच्यांनी माहिती द्यावी, वाचून दुरुस्त्या सांगाव्यात.

प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा आणि त्या जागी एक घडलेली गोष्ट घाला. गोष्ट नसेल तर विशेषण काढा. समजा मूळ मजकूर असा आहे:

'आईने संसारासाठी आयुष्य वेचले. बाबांची सेवा हेच तिचे जीवन होते. तिने कधीही तक्रार केली नाही.'

हेच असं होऊ शकतं:

'तेव्हा आम्ही इतवारीत दोन खोल्यांत राहत होतो. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. रात्रपाळीचा आठवडा आला की ते दिवसा झोपायचे. आई आम्हाला शेजारच्या ओसरीवर अभ्यासाला बसवायची आणि स्वतः दारात शिवण घेऊन बसायची, कोणी कडी वाजवू नये म्हणून. भाजीवाल्याला ती हातानेच थांबवायची.'

दुसऱ्यात 'सेवा' हा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळतं. आणि 'कधीही तक्रार केली नाही' हे वाक्य तर लिहिण्याआधी शंभरदा तपासा. बहुधा ती तक्रार करत होती, फक्त तुमच्याकडे करत नव्हती. मावशीकडे करत होती, शेजारणीकडे करत होती. ज्या बाईला कशाचंच वाईट वाटलं नाही, तिने केलेल्या गोष्टींचं मोल कोणाला कळणार?

याला जोडून एक यादी करा: तिने स्वतः ठरवलेल्या गोष्टी. कोणती मुलगी पुढे शिकेल, कोणाकडे लग्नाला जायचं नाही, सासूबाईंचं शेवटचं कोण करेल, नवऱ्याची दारू कशी सुटली किंवा सुटली नाही, भिशीचे पैसे कशाला लावायचे. घरासाठी झिजलेल्या बायका दिवसभर निर्णयच घेत होत्या, पण पुस्तिकेत सगळे निर्णय बाबांचे आणि सगळे कष्ट आईचे असं वाटप होऊन जातं. यादीत पाच गोष्टीही जमत नसतील, तर पुन्हा चौथ्या टप्प्यावर जा.

बोलणं तिचं तसंच ठेवा. 'काहून रडून राहिला?' असं म्हणणारी आई पुस्तिकेत 'का रडत आहेस बाळा?' म्हणायला लागली, की घरचेच तिला ओळखत नाहीत. घरात अर्धं बोलणं हिंदीत होत असेल, तर तेही राहू द्या. मुद्रितशोधकाला आधीच सांगा, अवतरणातल्या शब्दांना हात लावायचा नाही.

शेवटच्या आजाराला एक पान. दवाखाना, व्हेंटिलेटर, बिलं, कोणता डॉक्टर काय म्हणाला, हे तुमच्या मनात सगळ्यांत ताजं असल्यामुळे तेच सगळ्यांत लांब होतं. सत्तर-ऐंशी वर्षांत ते काही आठवडे होते. तेवढीच जागा द्या.

तपासा: मजकुरात तिचं नाव किती वेळा आलं? सगळीकडे 'आई' आणि 'अमुक यांच्या पत्नी' असेल, तर निदान माहेरच्या भागात तरी तिला तिच्या नावाने हाक मारा.

टप्पा ६: काय छापायचं नाही

हा टप्पा गाळला की भांडणं होतात. ती जे उघड बोलत होती ते छापायला हरकत नाही. तिने ज्या गोष्टी झाकून ठेवल्या, त्या तुम्हाला रेकॉर्डिंगमध्ये सापडल्या म्हणून छापायच्या नसतात. हक्कसोड, जावांमधलं अबोलणं, कर्ज, गेलेलं मूल, यांपैकी जे घ्यायचं ते बाबांना आणि माहेरच्या एका वडीलधाऱ्या माणसाला आधी वाचून दाखवा. हयात माणसाबद्दलचं वाक्य त्या माणसाला दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका. तारखांच्या कागदावर सगळं राहू द्या, तो घरात राहतो.

मंजुरीसाठी सगळ्यांना एकाच वेळी व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकू नका. बत्तीस जण दुरुस्त्या सुचवतात, त्यातल्या वीस 'आमच्या यांचं नाव राहिलं' अशा असतात. छापील प्रत तिघांना द्या, आठवड्याची मुदत द्या, बदल पेनाने करून घ्या.

टप्पा ७: फोटो

फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा. नुसता फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि छपाईत चेहरा चौकोनी ठिपक्यांचा दिसतो. मूळ फोटो हाताशी असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा.

चिकट पानांच्या अल्बममधून किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर निघून येतो. जिथे आहे तिथेच, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता वरून फोटो घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीच्या आसपासच्या घरांतले अल्बम भिजून एकमेकांना चिकटले. तसे असतील तर घरी सोडवायचा प्रयत्न करू नका, जुन्या फोटोंचं काम करणाऱ्या स्टुडिओत दाखवा.

मागच्या बाजूला बॉलपेनने लिहू नका, पुढे वळ उमटतात. मऊ शिसपेन्सिल वापरा. समूहफोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं आणि आईशी नातं, दोन्ही द्या. नुसतं 'कुटुंबासमवेत' लिहिलं, तर वीस वर्षांनी कोण कोण होतं ते कोणालाच सांगता येणार नाही.

स्टुडिओवाला चेहरा 'साफ' करून देतो, म्हणजे गोरा करतो, सुरकुत्या काढतो, कधी अंगावर शालू चढवतो. ओरखडे आणि डाग काढा, बाकी नको असं लिहून द्या. मुखपृष्ठावर शेवटच्या वर्षातला थकलेला फोटो किंवा हार घातलेली फ्रेम घेऊ नका. काम करतानाचा एखादा मिळाला तर त्याहून चांगला नाही.

टप्पा ८: छपाई

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. प्रेसमध्ये श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टांत बदलताना काही अक्षरं हमखास मोडतात. 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'दुसऱ्या' हे शब्द शोधून पाहा, 'र्हा' किंवा 'र्या' झालेलं दिसेल. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. 'ॲ' आणि अंकही तपासा. प्रूफ पडद्यावर वाचू नका, कागदावर घ्या. तीन वेळा वाचा: एकदा फक्त नावं, एकदा फक्त तारखा, एकदा सगळं. नावं वाचायला त्या त्या घरातलं माणूस बसवा.

मधोमध पिना मारलेली पुस्तिका असेल, तर एकूण पानं चारच्या पटीत लागतात: ३२, ३६, ४०. ३८ पानांचा मजकूर नेलात, तर प्रेसवाला दोन कोरी पानं सोडतो किंवा शेवटी भलतंच चित्र टाकतो. डेमी आकार, आत ७० किंवा ८० जीएसएम मॅपलिथो, वर २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड ठीक पडतं. आत गुळगुळीत चकचकीत कागद घेऊ नका, म्हाताऱ्यांना दिव्याखाली वाचताना चमकतो. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. शे-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते, पाचशेच्या वर गेलात तर ऑफसेटचा भाव विचारा. प्रती माणसांच्या मोजणीने छापू नका, घरांच्या मोजणीने छापा आणि वर पंचवीस ठेवा.

तपासा: एक प्रत आधी छापून घेतली का? ती उलगडून पानांचा क्रम पाहा, फोटो काळे पडले का ते उजेडात पाहा, मगच बाकीच्यांना होकार द्या.

टप्पा ९: वाटप

जेवणाआधी वाटू नका. पुस्तिका पानाशेजारी ठेवली जाते आणि वरणात भिजते. निघताना हातात द्या. माहेरच्या गावी वेगळा गठ्ठा पाठवा, लोक इथेच विसरतात. तिच्या भावांची मुलं, वर्गातली कोणी मैत्रीण आणि गावची शाळा यांना पोहोचल्याशिवाय वाटप झालं असं धरू नका. रेकॉर्डिंगला बसलेल्या प्रत्येकाला प्रत घरी नेऊन द्या, धुणंभांडी करणाऱ्या बाईंनाही. वाचता येत नसेल तर त्यांचं पान वाचून दाखवा.

रेकॉर्डिंग, स्कॅन, तारखांचा कागद आणि शेवटची पीडीएफ दोन पेनड्राइव्हवर घ्या आणि दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. दोन्ही एकाच कपाटात ठेवून उपयोग नाही.

पहिल्या पंधरवड्यात फोन येतील: 'साल चुकलं', 'ती आमची आत्या नव्हे, चुलत आत्या', 'ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलीच नाही'. वाद घालू नका. एका प्रतीवर 'दुरुस्तीची प्रत' असं लिहा, प्रत्येक फोन त्या त्या पानाच्या समासात सांगणाऱ्याच्या नावासकट टिपा आणि ती प्रत तारखांच्या कागदासोबत ठेवा. नवीन गोष्ट सांगणाऱ्याला भेटायला जायचं असेल, तर दिवस ठरवूनच फोन ठेवा.